गुरुवारचा कॅन

कारेवस्ती, सुप्याजवळ
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आरती,

सहादेवच्या टेम्पोतून या गुरुवारी पाण्याचा कॅन उतरला नाही, नुसता लिफाफा हातात आला, म्हणून तू आधी चिडली असशील. चीड, पण उभ्याने वाचू नकोस. बस. पायाखाली उशी घे, पाय सुजतात म्हणत होतीस. वैजनाथराव घरी असतील तर त्यांनाही जवळ बसव, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा काहीतरी भलतंच सांगून मोकळी होईन. काल संध्याकाळी सांगितलंच की. "कॅनला आतून शेवाळ धरलंय, उरलेलं पाणी ओतून टाक, कुंडीतल्या झाडांनाही घालू नकोस," असं मी म्हणाले आणि तू हसलीस, शेवाळाच्या पाण्याचं झाडांना काय वावडं म्हणून. शेवाळ नव्हतं, आरती. तो कॅन मी स्वतः गरम पाण्याने तीनदा विसळून भरला होता.

हे अंगणवाडीत बसून लिहितेय. पोरं खिचडी खाऊन गेली, मदतनीस भांडी लावून गेली. घरी लिहवत नाही, कारण घरी कुठंही बसलं तरी बोअरच्या मोटरचं बटण समोर दिसतं. माझ्या अक्षराची तू नेहमी चेष्टा करतेस, रजिस्टरमध्ये मुंग्या रांगेत चालवल्यासारखं म्हणून. आज मुंग्या पांगल्यात, समजून घे. गेले पंधरा-वीस दिवस मला एक खोडच लागली आहे. दिसेल त्याचा वास घेते. ग्लासाचा, धुतलेल्या पातेल्याचा, ओल्या टॉवेलचा, न्हाल्यावर माझ्याच केसांचा. तुझे अण्णा म्हणतात, "आता मलाबी हुंगून बघ." वास कशालाच येत नाही. वास आला असता तर मी इतकी भ्याले नसते.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला नीट समजेल. राहीबाई आठवते ना, आपल्या खालच्या अंगाची, जिच्या चिंचा तू चोरायचीस आणि मार मला बसायचा? ऑगस्टच्या अखेरीस ती सकाळीच कळशी घेऊन इथं दारात उभी राहिली. "बाई, माझ्या हिरीच्या पान्याला राकेलचा वास येतोय. म्हशीनं तोंड लावलं न्हाई. तुमी शिकलेल्या हाय, तुमीच बगा." मी ओंजळीत घेतलं, तर खरंच वास होता. आधी सगळ्यांना वाटलं, तिच्या इंजिनातलं ऑईल गळलं असेल. मग बोटं वर वळली, पेट्रोल पंपाकडे. पंप हमरस्त्याला लागून, चढावर. त्याच्याखाली आपलं रान, आणि आपल्याखाली राहीबाईची विहीर. पंचायतीने अर्ज केला. कंपनीने पुण्याहून तपासणीची माणसं पाठवली. त्यांनी पंपावरचं एक यंत्र उचलून खाली खणलं तेव्हा पाइपचा सांधा ढिला निघाला. थेंब थेंब किती महिने गळत होता, देव जाणे. हे सगळं मी तुला तेव्हा फोनवर सांगितलं होतं, गंमत सांगावी तसं. आपला काही संबंध नाही, अशा आवाजात.

त्या माणसांची प्रमुख म्हणजे अश्विनी मॅडम. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कोपरगावची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली पोर, आमच्या मुरमाड रानात बूट घालून दिवसभर उन्हात हिंडते. तिने पंपाभोवती आणि उताराच्या बाजूने सहा बारीक बोअर घेतल्या. पाणी काढायला नाही, पाण्यावर नजर ठेवायला. तोंडाला टोपण, टोपणाला कुलूप. गावात लगेच बोभाटा झाला की कंपनी आपलं पाणी पळवणार. दोघं-तिघं तर कुलूप फोडायला निघाले होते. तिने त्यांना बसवून दाखवलं. दर पंधरवड्याला ती येते, एक फीत आत सोडते. फीत पाण्याला टेकली की टीं करून वाजते, मग ती खोली लिहून घेते. मग काचेसारखी पारदर्शक नळी दोरीने खाली सोडून पाणी वर काढते आणि अंगठ्याएवढ्या बाटल्यांत काठोकाठ भरते. बाटली उलटी करून बघते, आत हवेचा बुडबुडा दिसला तर पाणी ओतून पुन्हा भरते. मी विचारलं, एवढी नाटकं कशाला? ती म्हणाली, "काकू, जे मोजायचंय ते हवेत पळून जातं. पेट्रोलचा बराचसा भाग वर तरंगतो, तो दिसतो. थोडा पाण्यात विरघळतो, तो दिसत नाही. आणि वास यायच्या कितीतरी आधीपासून पाणी पिण्याजोगं राहिलेलं नसतं." हे ऐकताना माझ्या हातात आपला पाण्याचा तांब्या होता. मी तो खाली ठेवला आणि तिला चहा टाकते म्हणून आत गेले. आत गेल्यावर मात्र चहा काही टाकला नाही, ओट्याला धरून उभी राहिले.

का, ते आता सांगते. तू लग्न होऊन वाघोलीला गेलीस त्या वर्षीचा उन्हाळा आठव. फेब्रुवारीतच घरची बोअर सुकली, टँकरमागे हंडे घेऊन मी या वयात पळत होते. बांधालगत नवी बोअर घेतली, ती सव्वातीनशे फूट कोरडी गेली. नुसता फुफाटा उडाला. मग मी पाणलोटाच्या प्रशिक्षणाला गेले आणि डोक्यात खूळ घेऊन आले, की कोरडी बोअर फुकट जात नाही, तिला पावसाचं पाणी पाजायचं. आम्ही बायकांनी श्रमदान केलं. बोअरभोवती पुरुषभर खड्डा, पाइपला भोकं पाडून त्याला काथ्याची दोरी गुंडाळली, मग मोठे दगड, मग खडी, मग वाळू. त्या साली पावसाळ्यानंतर घरच्या बोअरला मे महिन्यापर्यंत पाणी टिकलं, राहीबाईच्या विहिरीची पातळी दोन परस वर आली. ग्रामसभेत मला शाल मिळाली, नारळ मिळाला, तालुक्याच्या पेपरात फोटो आला. त्या फोटोत माझे डोळे मिटलेत म्हणून तू आठवडाभर मला छळलंस. शेजारच्या चार गावांनी मला भाषणाला बोलावलं, आणि मी प्रत्येक ठिकाणी ठासून सांगायचे, खड्ड्यात फक्त छपराचं स्वच्छ पाणी सोडा, रस्त्याचं नको, गोठ्याचं नको.

पण आपल्या छपरावरून पाणी येऊन येऊन किती येणार? चार पत्रे आणि एक पडवी. एवढ्यावर सव्वातीनशे फूट बोअर काय भिजणार? पाणी होतं ते वर, पंपाच्या आवारात. एवढं मोठं सिमेंटचं अंगण, गाड्या धुतल्यासारखं लख्ख, चार थेंब पडले तरी धो धो वाहून रस्त्याच्या चरात जायचं. मला ते वाहून जाताना बघवायचं नाही. मी पंपावरच्या कानिफनाथला विचारलं, तो आनंदाने हो म्हणाला, त्याच्या दारातला चिखल कमी होणार होता. मग मी आणि अण्णांनी दोघांनीच, एका रविवारी, बांधाखालून सहा इंची पाइप टाकला. वरचं तोंड पंपाच्या गटारीला, खालचं आपल्या खड्ड्यात. कुणाला बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर माझेच शब्द कुणीतरी माझ्या तोंडावर मारले असते. गावाला वाटत राहिलं, बाईच्या छपराचं पाणी मुरतंय. टँकरमागे पळालेल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की त्याचं डोकं चालत नाही, बाकी मी काय सांगू?

यंदा जूनमध्ये, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, पंपावर पेट्रोलचा टँकर रिकामा करताना टाकी भरून वाहिली. पंपावरच्या माणसांनी पाण्याची नळी लावून अंगण धुऊन काढलं, आणि वरून पावसाची मोठी सर आली. मी खड्ड्यापाशीच होते. पाइपातून पाणी येत होतं आणि त्यावर रंगीत तवंग होता, जांभळा, हिरवा, पिवळा. वास तर असा की डोळे चुरचुरले. एक पोतं गुंडाळून पाइपाच्या तोंडात कोंबलं असतं तरी थांबलं असतं. पोतं तिथंच बांधावर पडलेलं होतं. मी खाली वाकलेसुद्धा. तेवढ्यात कानिफनाथ कुंपणापलीकडून ओरडला, "बाई, काय भिऊ नका, पेट्रोल हाय ते, उनानं उडून जातंय." आणि पंधरा दिवसांनी एवढा पाऊस आला होता, खड्डा भरत होता. मला वाटलं, वाळू आहे, खडी आहे, गाळून निघेल. खरं सांगायचं तर, वाटून घेतलं. पोतं न उचलता सरळ उभी राहिले.

त्यानंतर नागपंचमीला तू आलीस, तीन महिन्यांची. आठ दिवस राहिलीस. अन्न टिकत नव्हतं, पण पाणी मात्र बोअरचं, माठातलं, दोन-दोन तांबे. म्हणायचीस, वाघोलीच्या टँकरच्या पाण्याला वास येतो, ओठाला लागलं की उलटी होते. आपल्या पाण्याला गोडवा आहे. बायकांना चिंचेचे, आंब्याचे, मातीचे डोहाळे लागतात. माझ्या लेकीला माहेरच्या पाण्याचे लागले, म्हणून मी गावभर मिरवलं. सात ऑगस्टच्या गुरुवारी पहिला कॅन गेला. सहादेव भाजी घेऊन वाघोलीवरूनच जातो, त्याला काय जड? दर वेळी परत येऊन सांगायचा, "काकू, पोरगी लई वाट बघती कॅनची, भाजीपेक्षा आदी कॅन उतरून घेती." मला किती बरं वाटायचं ते ऐकून. मी तर कॅन भरायच्या आधी पंचायतीच्या पेटीतल्या बाटल्या काढून पाणी तपासायचे, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन, सगळं बघून तुला फोटो पाठवायचे. तू लिहायचीस, आई, तू म्हणजे प्रयोगशाळाच. त्या पेटीत पेट्रोलची बाटलीच नाही, आरती. मला ते माहीत होतं. राहीबाई कळशी घेऊन आली त्या दिवसापासून तर चांगलंच माहीत होतं.

मग मी काय केलं? सप्टेंबरमध्ये, अश्विनी मॅडमची गाडी पहिल्यांदा यायच्या आधी चार दिवस, पाइप उपसून काढला. बांधाखालचं भोक मुरमाने ठासलं आणि वर कळ्या धरलेली झेंडूची रोपं लावली. दसऱ्याला तोडे चांगले निघाले. तुझ्या दाराला जे तोरण लावलंस ते त्याचंच. अण्णा मुरूम ओढत होते. मला वाटलं होतं, पाइप गेला की गोष्ट गेली. माझी नोकरी, माझी शाल, माझी भाषणं, ही भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण खरी भीती ती नव्हती. खड्ड्याचं बोलायचं म्हणजे कॅनचंही बोलावं लागणार होतं. जोवर मी तोंडाने म्हणत नव्हते, तोवर ते झालेलं नव्हतं, असं काहीतरी मी मनाशी धरून बसले होते. तुझ्या वयाच्या गरोदर बायांना मी इथं भिंतीवरचा तक्ता दाखवून शुद्ध पाण्याचं महत्त्व सांगते. अकरा जणी आहेत या वर्षी. त्यांच्याकडे न बघता सांगायला लागले.

ऑक्टोबरपासून सफाई सुरू झाली. सांध्याभोवतालची माती उकरून प्लास्टिकखाली झाकून नेली. दोन बोअरमधून दिवसभर पाणी उपसतात आणि ते कोळसा भरलेल्या मोठ्या पिंपांतून सोडतात; कोळसा विरघळलेलं पेट्रोल धरून ठेवतो. वरच्या बोअरचे आकडे उतरायला लागले. पण तिच्या त्या सहांपैकी आपल्या बाजूची जी खोल बोअर आहे, तिचे चढत गेले. अश्विनी मॅडम माझ्या पडवीत कागद पसरून बसली होती. "काकू, मला कळत नाही. वरच्या मुरमात कमी आणि खालच्या खडकात जास्त, असं कसं? मधला खडक सलग आहे. कुठून तरी वाट असली पाहिजे. ती सापडली नाही तर आम्ही वरून उपसत राहू आणि ते खालून पसरत राहील. गावच्या नळाच्या विहिरीत अजून काही नाही, पण ते त्याच दिशेने चाललंय." मग तिने विचारलं, तुमच्या त्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात पाणी कुठून येतं? मी पन्हाळीकडे बोट दाखवलं. "छपराचं," म्हणाले. तिने तसं लिहून घेतलं. गावच्या नळाचंच पाणी या अंगणवाडीत येतं, माझ्या बत्तीस पोरांच्या खिचडीत पडतं, आणि मी पन्हाळीकडे बोट दाखवलं.

सहा नोव्हेंबरला तिने आपल्या घरच्या बोअरच्या बाटल्या भरून नेल्या. त्या दिवशीचा कॅन सकाळीच गेला होता. जाताना म्हणाली, अहवाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, घरात कुणी गरोदर असेल, लहान मूल असेल तर अजिबातच नको. उकळून चालेल का, विचारलं. "नाही. वाफ होऊन स्वयंपाकघरातच येईल, थोडं पाण्यात राहीलच." तेव्हापासून आम्ही दोघं सुप्याच्या आरओ यंत्राचं पाणी आणून पितो. पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला, तुझा कॅनही मी त्याच यंत्रावर भरला. संध्याकाळी तुझा फोन आला, आवाज रडवेला. "आई, हे आपलं पाणी नाही. घशाखाली उतरत नाही." मी म्हणाले मोटर जळाली. मोटर जळाली नव्हती. तू दोन दिवस उलट्या काढल्यास, सलाईन लावावं लागलं, आणि वैजनाथरावांनी मला इतक्या आदबीने विचारलं, "आई, मोटर कधी होईल दुरुस्त?" तेव्हाच सांगायला हवं होतं.

काल संध्याकाळी अहवाल आला. आपल्या बोअरच्या पाण्यात पेट्रोलमधलं बेंझिन आहे, पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. आकडा मी या पत्राच्या मागे लिहिला आहे, डॉक्टरांना लागेल. अश्विनी मॅडमला मी फोनवर विचारलं, अशा पाण्याने पोटातल्या बाळाला काय होतं? ती म्हणाली, "काही होईलच असं नाही काकू. पण काही होणार नाही, असंही मी नाही सांगू शकत. ज्यांनी प्यायलं त्यांनी डॉक्टरांना खरं खरं सांगावं, कधीपासून कधीपर्यंत आणि किती. का, कोण आहे?" मी फोन ठेवला. अण्णा शेजारी उभे होते. तू त्यांना ओळखतेस, वर्षात एकदा आवाज चढवतात. काल चढवला. "आता पुरं झालं. त्या पोरीला सांग, आन् मॅडमलाबी सांग. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगतो." उद्या दहा वाजता अश्विनी मॅडम येणार आहे. मी तिला झेंडूच्या वाफ्यापाशी नेणार, पाइपाची जागा दाखवणार, जूनचा दिवस सांगणार. मग सगळ्या गावाला कळेल, राहीबाईला कळेल. ती कोरडी बोअर हीच वाट, तिच्यातूनच उपसा करता येईल, मग ती बुजवता येईल. अजून नळाच्या विहिरीपर्यंत पोचलेलं नाही. सहादेव सकाळी सहाला निघतो. म्हणजे तुला सगळ्यांच्या आधी कळेल, निदान एवढं तरी मी जमवलं.

रविवारचं डोहाळजेवण इथं होणार नाही. हिरवी साडी घेतली आहे, ती अण्णा आणून देतील. बाळंतपणालाही इकडे येऊ नकोस, मी बोलावत नाही. पहिलटकरणीला माहेरी न बोलावणारी आई गावात मीच पहिली असेन. ज्या घरात मोटरचं बटण दाबायला मी भिते, त्या घरात मी तुझं बाळ न्हाऊ घालणार नाही. तू म्हणालीस तर मीच वाघोलीला येईन, तुझ्या ओट्याशी उभी राहीन. नाही म्हणालीस तर येणार नाही. हे तू ठरव, वैजनाथराव ठरवू देत, आणि तुझ्या सासूबाईंनी मला काही सुनावलं तर मधे पडू नकोस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. हे पत्र आजच डॉक्टरांना दाखव. म्हणून तर तारखा घातल्यात, म्हणून तर फोन न करता माझ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे मला उद्या शब्द फिरवता येणार नाही. नागपंचमीचे आठ दिवस. सात ऑगस्टपासून सहा नोव्हेंबरपर्यंत दर गुरुवारी वीस लिटर, दिवाळीत तू इथं होतीस तो एक गुरुवार सोडून. आणि दिवाळीचे ते आठ दिवस. तेरा नोव्हेंबरचं पाणी यंत्राचं होतं. डॉक्टर विचारतील, मग थांबलं ना? तिथं तू हो म्हणशील, कारण तुला तसंच वाटेल, सहा तारखेला मला बजावलं होतं हे तू आत्ताच वाचलंस. थांबलं नाही, आरती. गेल्या गुरुवारचा, वीस तारखेचा कॅन आपल्या बोअरचा होता. तू सलाईनवरून घरी आली होतीस, पाण्यासाठी रडत होतीस. यंत्राचं पाणी पाठवलं तर तू ओळखणार, आणि ओळखलंस की मला सगळं सांगावं लागणार. मी मोठ्या पातेल्यात ते पाणी तासभर उकळलं, दारं-खिडक्या उघड्या टाकून. उकळून उपयोग नाही हे मला सांगितलेलं होतं, तरी उकळलं. गार केलं, कॅन तीनदा विसळला, भरला, झाकण घट्ट लावून सहादेवच्या हातात दिला. संध्याकाळी तुझा फोन आला, "आई, आलं आपलं पाणी, दोन ग्लास प्यायले, किती दिवसांनी पोटात काही राहिलं." आणि मी म्हणाले, पी बाळा, पोटभर पी.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
आई